चौसष्ट मिलिलिटर सूज

एकतीस वर्षं मी लोकांच्या हातात सुया खुपसत आले. उपनगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सहापासून रोज तीस-चाळीस हात. बघणाऱ्याला वाटतं सगळं कसब उजव्या हाताचं. तसं नसतं. डाव्या अंगठ्याने शिरेच्या खालची कातडी ताणून धरली नाही तर शीर सुईपुढून सरकते. 'शीर पळाली' म्हणतो आम्ही. मग सुई आत फिरवावी लागते, आणि पेशंट आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

गेल्या वर्षी जुलैत माझा डावा अंगठाच गेला. म्हणजे होता जागेवर, ऐकत नव्हता.

पहाटे पाचला दूध तापवायला उठले. पिशवी डाव्या हातात धरून कात्रीने कोपरा कापायचा, तर पिशवी सटकली आणि अर्धा लिटर दूध ओट्यावरून खाली. झोपेत आहोत असं समजून दुसरी पिशवी घेतली, तीही गेली. आवाज ऐकून नवरा आला आणि दुधाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. "तुझं तोंड असं का दिसतंय?" पाऊस, रिक्षा, एलबीएस रोड, हॉस्पिटल. तिथे पहिला प्रश्न: शेवटच्या ठीक कधी होतात? रात्री अकराला, झोपताना. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास जाग आल्यापासून धरत नाहीत, शेवटचं ठीक असल्यापासून धरतात. माझी सहा तासांची झोप माझ्याच खात्यात उधार पडली. सीटीत रक्तस्राव नव्हता, पण एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, वेळ गेलेली आहे. उजव्या मेंदूतल्या रक्तवाहिनीची एक फांदी बंद झाली होती. स्ट्रोक, म्हणजे अर्धांगवायूचा झटका. बोलणं शाबूत राहिलं, हे नशीब. नवऱ्याचं मत वेगळं असू शकेल.

सहा दिवसांनी घरी आले. पाय लवकर सुधारला. हात मात्र तिसऱ्या आठवड्यात सुजायला लागला. पंजाची पाठ फुगून चकचकीत, गरम, लालसर. बोटं वांग्यासारखी. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. फिजिओथेरपिस्टने खांद्याला हात लावताच विचारलं, "यांना उठवतं कोण?" नवऱ्याने हात वर केला. "कसं उठवता?" त्याने माझा डावा दंड धरून ओढून दाखवलं आणि ती मुलगी जवळजवळ किंचाळलीच. लुळ्या हाताचा खांदा असा ओढला की सांधा दुखावतो, आणि खांदा दुखावला की असा हात सुजायला निमित्त मिळतं. घरोघरी हेच चालतं, म्हणून मुद्दाम लिहिते: पेशंटला पाठीला आणि कमरेला आधार देऊन उठवा. हाताला धरून नाही, काखेत हात घालूनही नाही.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, याला थोड्या दिवसांचा स्टेरॉइडचा कोर्स लागतो. मला बारा वर्षांची शुगर आहे. स्टेरॉइडने शुगर कुठे जाते ते मी रोज रिपोर्टांत बघितलंय. मी म्हटलं, दुसरं काही?

इथे माझा भाचा आला. "मावशी, स्ट्रोकनंतर मेंदूला सूज असते. इलेक्ट्रोॲक्युपंक्चरने, म्हणजे सुया टोचून त्यांतून हलका करंट दिला की, ती उतरते, संशोधन आहे." मोबाइलवर शोधनिबंधांची रांग. मला सूज म्हणजे माझा पंजा दिसत होता. तो बोलत होता डोक्यातल्या दाहाबद्दल. मराठीत आपण दोन्हीला सूजच म्हणतो, आणि पुढचे दोन महिने हा घोळ कुणी ना कुणी घालत राहिलं. कधी कधी मीच.

डोक्यातला दाह न्यूरॉलॉजिस्टनी मला पुढच्या भेटीत समजावला. रक्त न मिळाल्याने पेशी मरतात, त्यांचा राडा साफ करायला मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया, जाग्या होतात. त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन असली रसायनं सोडतात, त्यात शेजारच्या बऱ्या पेशीही होरपळतात. पण त्याच पहारेकऱ्यांची नंतर डागडुजीला मदतही होते. "त्यामुळे दाह म्हणजे नुसता शत्रू असं धरू नका," म्हणाले. "आणि सुया लावून घ्यायच्या असतील तर घ्या. गोळ्या आणि फिजिओ सोडायचं नाही. बस."

पहिलं क्लिनिक आम्हाला भाच्यानेच शोधून दिलं. एसी, मत्स्यालय, भिंतीवर मेंदूचं मोठं चित्र. एकवीस दिवसांत डोक्यातली सूज पूर्ण बरी, दहा सिटिंगचं पॅकेज पंचवीस हजार, आगाऊ. मी विचारलं, बरी झाली हे कळणार कसं? समोरचे गृहस्थ ऐटीत म्हणाले, "रक्ताची टेस्ट असते, सीआरपी नावाची." मला हसू आवरेना. सीआरपी यकृतात तयार होतं. दात ठणकला, लघवीला इन्फेक्शन झालं, टॉन्सिल आले, तरी वाढतं. आणि झटक्यानंतर वाढलेलं असलं तरी बऱ्या होत आलेल्या पेशंटचं काही न करताही महिन्याभरात बऱ्यापैकी उतरतं. माझं सहाव्या आठवड्यातलं सीआरपी आमच्याच लॅबमध्ये केलेलं, नॉर्मल होतं. म्हणजे उपचाराआधीच मी त्यांच्या हिशेबाने बरी. मत्स्यालयातले मासे मात्र छान होते.

दुसरं क्लिनिक दादरच्या एका ॲक्युपंक्चरवाल्या बाईचं. लॅबमधल्या सहकाऱ्याच्या सासूला कंबरदुखीला गुण आला होता तिच्याकडे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तिथलं नोंदणीपत्र भिंतीवर लावलेलं होतं. ते मी नंबरासकट वाचलं, सवय. क्लिनिक जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, लिफ्ट नाही. अर्धांगवायूचे पेशंट लाकडी जिना चढून अर्धांगवायूच्या उपचाराला जातात, हे मुंबईतच होऊ शकतं. गणपतीच्या तोंडावर दादर स्टेशनच्या गर्दीत डावा हात गळ्यातल्या झोळीत घालून मी नवऱ्यामागे चालत होते, आणि दर दहा पावलांना कुणीतरी त्या झोळीला कोपर मारत होतं.

बाईंच्या टेबलामागे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. मी म्हटलं, यांनीच ना ही विद्या चीनहून आणली? बाई हसल्या. "सगळ्यांना तसंच वाटतं." कोटणीस सोलापूरचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकलचे. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. ते सर्जन होते. ॲक्युपंक्चर भारतात आणलं त्याच पथकातल्या डॉ. बिजोय कुमार बसूंनी, बऱ्याच वर्षांनी, १९५९च्या सुमारास, कोलकात्याला. "पण फोटो कोटणीसांचा लावला की लोकांचा विश्वास बसतो," बाई म्हणाल्या. हा खरेपणा मला आवडला.

मग चौकशी. पेसमेकर आहे का? फिट येते का? रक्त पातळ करायच्या कुठल्या गोळ्या? ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. चालेल, म्हणाल्या, सुई काढल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबू. आणि मग न विचारता सांगितलं, "ताई, डोक्यातल्या सुजेचं मी तुम्हाला काही वचन देणार नाही. हाताचं दुखणं कमी होतं का ते बघू. सहा वेळा करून फरक नसेल तर थांबू." एका वेळचे सहाशे.

सुई बघून माझा व्यावसायिक अहंकार दुखावला. आमची रक्त काढायची एकवीस गेजची सुई साधारण ०.८ मिलिमीटर जाड, आतून पोकळ. ही ०.२५ची, भरीव, इतकी बारीक की हवेत धरली तर वाकेल. म्हणून ती प्लास्टिकच्या नळीतून ठेवतात आणि वरच्या टोकावर टिचकी मारतात. टिचकी म्हणजे टिचकीच, कॅरम खेळल्यासारखी. टोचल्याचं कळत नाही. कळतं ते नंतर, बाई ती दोन बोटांत फिरवून आत सारतात तेव्हा. आतून एक जड, आंबूस ठणका पसरतो, रबराची दोरी कुणी हळूच ओढतंय असा. चिनी लोक त्याला 'ते-छी' म्हणतात, आणि तो आला की सुई जागेवर बसली असं धरतात. कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाला एक, मनगटाच्या वर एक, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात एक, गुडघ्याच्या खाली नडगीच्या बाहेर एक, टाळूवर एक. बाई जागा नंबराने सांगत: एलआय ११, एलआय ४, एसटी ३६. हे माझ्या ओळखीचं, नमुन्यांवरच्या स्टिकरसारखं. सुजलेल्या पंजाच्या पाठीला मात्र त्यांनी सुई लावली नाही. आम्हीही सुजलेल्या हातातून रक्त काढत नाही.

मग पेटी. डब्याएवढी, सहा बटणं, लाल-काळ्या वायरी, टोकाला चिमटे. चिमटे सुयांच्या दांड्यांना अडकवले आणि बाईंनी पहिलं बटण केसभर फिरवलं. काही नाही. आणखी केसभर. मग टिक, टिक, टिक. सेकंदाला दोन. आणि माझा डावा अंगठा हलला.

सहा आठवडे तो माझ्याकडे बघत नव्हता. आता आत वळत होता, सुटत होता, आत वळत होता. मला रडू फुटलं. नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. बाईंनी आम्हाला रडू दिलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही हलवत नाही आहात, पेटी हलवतेय." तेही बरोबरच. कॉलेजात बेडकाच्या तंगडीला वायर लावली की ती झटका मारायची, त्या बेडकाची प्रगती होत नव्हती. पण पंचवीस मिनिटं मी त्या अंगठ्यावरून नजर हटवली नाही. दुसरीकडे बघावंसं वाटेना.

घरी आल्यावर ठरवलं, मोजायचं. डोक्यातलं मोजता येत नाही, हातातलं तर येतं. आमचं दुधाचं मोठं पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवलं. मनगटाच्या हाडावर पेनने रेघ. हात रेघेपर्यंत हळूच बुडवायचा, परातीत सांडलेलं पाणी लॅबमधून आणलेल्या मोजपात्रात ओतायचं. तीन वेळा करून सरासरी. उजवा हात ३५४ मिलिलिटर, डावा ४१८. चौसष्ट मिलिलिटर सूज. रोज संध्याकाळी पाच वाजता नवरा परात मांडायचा आणि आमच्या मजल्यावरची पोरं दारातून बघायची.

पहिल्या तीन आठवड्यांत सहा सिटिंगं झाली. चौसष्टचे सत्तेचाळीस झाले. रात्रीचं दुखणं, मी दहापैकी आकडा लिहायचे, आठवरून सहावर. भाचा म्हणाला, बघ! फिजिओवाली म्हणाली, अहो, तीन आठवडे मी पण रोज येतेय. दोघांचं बरोबर.

मधल्या काळात मी भाच्याचे शोधनिबंध वाचायला बसले होते. इंग्रजी जड जातं, पण तपासण्यांची नावं ओळखीची. स्ट्रोक आणि दाह यांवरचं बहुतेक काम उंदरांवरचं. मानेतल्या रोहिणीतून बारीक धागा सरकवून मेंदूची मधली रक्तवाहिनी बंद करतात, मग सुया आणि करंट, मग मेंदू कापून टीएनएफ मोजतात. करंट घेतलेल्या उंदरांत तो कमी येतो, मायक्रोग्लिया शांत दिसतात. पण पुष्कळ प्रयोगांत उपचार झटक्यानंतर काही तासांतच सुरू होतो, काहींत तर झटका द्यायच्या आधीपासून. मी गेले सहाव्या आठवड्यात, लोकलने.

त्यातला एक निबंध मात्र मी दोनदा वाचला. २०२१मध्ये 'नेचर'मध्ये आलेला, हार्वर्डच्या छिउफू मा यांच्या गटाचा. उंदराच्या मागच्या पायावर, म्हणजे बाई माझ्या नडगीजवळ टोचतात त्याच जागी, अर्धा मिलिअँपिअर करंट दिला की तिथल्या एका ठरावीक जातीच्या नसांमधून संदेश मेंदूकडे, तिथून व्हेगस नर्व्ह या मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेने मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडे जातो आणि शरीरातला दाह उतरतो. तोच करंट पोटावर दिला तर काही होत नाही, कारण त्या नसा तिथे तशा नाहीत. म्हणजे जागेला अर्थ आहे, निदान उंदरात. त्याच गटाने वर्षभर आधी दाखवलं होतं की पोटावर जास्त जोराचा करंट दाह सुरू होण्याआधी दिला तर उंदीर वाचतात, नंतर दिला तर उलट जास्त मरतात. हे वाचून मी थोडी गार पडले. उपाय करून नुकसान तर होणार नाही ना, असं मत्स्यालयवाल्याने विचारातही घेतलं नव्हतं. शिवाय त्या उंदरांना जिवाणूंचं विष टोचलेलं होतं, स्ट्रोक नव्हता. आणि माणसांचं म्हणाल तर कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१६चा आढावा आहे: स्ट्रोकनंतरच्या ॲक्युपंक्चरच्या ३१ चाचण्या, २२५७ माणसं, आणि निष्कर्ष असा की चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा की ठाम काही म्हणता येत नाही. आमच्या भाषेत: नमुना गुठळलेला, पुन्हा पाठवा.

सातव्या सिटिंगला गंमत झाली. त्या दिवशी क्लिनिकमध्ये गर्दी, बाईंची मदतनीस नवी. सुया लागल्या, चिमटे लागले, मी डोळे मिटले. पंचवीस मिनिटं गाढ झोपले, घोरलेसुद्धा, असं नवरा सांगतो. सुया काढताना बाईंच्या लक्षात आलं की पेटीला जाणारी वायर मुळातून निघालेली होती. करंट अजिबात नव्हता. त्या ओशाळल्या, पैसे घेईनात. मी म्हटलं, राहू दे. घरी येऊन पाणी मोजलं, पंचेचाळीस. दुखणं पाच, तोवरचं सगळ्यात कमी. त्या रात्री मला सलग सहा तास झोप लागली.

वहीत मी त्या तारखेपुढे 'वायर निघालेली' एवढंच लिहिलंय.

नंतरच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टनी वही बघितली. हसले नाहीत, उलट मोजायची पद्धत विचारून घेतली. मग म्हणाले, "सांधे आखडायला लागलेत. अजून थांबलात तर बोटं कायमची अशी राहतील." बोटं म्हटल्यावर मी मुकाट्याने हो म्हटलं. दोन आठवडे प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टेरॉइड, हळूहळू कमी करत. जेवणानंतरची शुगर २८०ला गेली, थोडे दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं, मी चिडचिडी झाले आणि रात्री दोन वाजता पोहे करून खाल्ले. पण पातेल्यातलं पाणी पंचेचाळीसवरून एकवीसवर आलं. पंजाच्या पाठीवर पहिल्यांदा सुरकुत्या दिसल्या. म्हातारपणाच्या सुरकुत्या बघून इतका आनंद झालेली बाई भांडुपमध्ये मी एकटीच असेन.

सुया त्या दोन आठवड्यांतही चालूच होत्या. फिजिओही. त्यामुळे कुणाचं श्रेय किती, हे माझी वही सांगू शकत नाही. मी एका वेळी तीन गोष्टी बदलल्या, लॅबमध्ये असं केलं असतं तर मला कामावरून काढलं असतं. आकड्यांकडे बघून माझं स्वतःचं मत असं, की सूज उतरवली गोळ्यांनी, बोटं वळवली त्या फिजिओवाल्या पोरीने. सुयांनी मला आठवड्यातून दोनदा तास-दीड तास त्या हाताशेजारी शांत बसायला लावलं. त्याआधी मी तो उशीखाली लपवत होते. डोक्यातल्या दाहाचं काय झालं ते कुणी मोजलं नाही, आणि मोजायला माझं डोकं उघडायला मी तयार नाही.

बाईंकडे अजून महिन्यातून एकदा जाते. का, असं न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं तेव्हा म्हटलं, झोप चांगली लागते. त्यांनी केसपेपरवर तसं लिहून घेतलं.

जानेवारीत कामावर गेले, आधी नुसती स्टिकरं चिकटवायला आणि नळ्या उलट्यासुलट्या करायला. जांभळ्या झाकणाची नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी करावी लागते, नाहीतर रक्त गोठतं. हा व्यायाम फिजिओवालीला इतका आवडला की तिने दुसऱ्या पेशंटांनाही सांगितला. फेब्रुवारीत एका दुपारी काउंटरवर कुणी नव्हतं. लॅबमधला आमचा प्रथमेश बाही वर सारून समोर बसला. "घ्या ताई. माझी शुगर तशीही बघायचीय."

त्याची शीर चांगली, दोरीसारखी. पट्टा बांधायलाच मला मिनिट लागला. डावा अंगठा ठेवला, कातडी ओढली, सुई घातली. अंगठा घसरला आणि शीर पळाली. प्रथमेशने ओठ दाबले. मी सुई काढली, कापूस दिला, माफी मागितली.

"दुसरा हात घ्या," तो म्हणाला.

दुसऱ्या हाताला मिळाली.